नोकरी शोधताना, क्षेत्र बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. नोकरी देणाऱ्यालाही धास्ती असते. चुकीचा माणूस घेतला तर निम्मं वर्ष वाया जातं, टीम वैतागते आणि वरिष्ठांना जाब द्यावा लागतो. त्यामुळे सगळ्यांत हुशार कोण यापेक्षा कोणाला घेतलं तर पस्तावावं लागणार नाही, याचाच विचार तो जास्त करत असतो. सीव्ही असो, मुलाखत असो वा पगाराची बोलणी, समोरच्याच्या मनातली शंका जितकी कमी कराल तितकं तुमचं काम सोपं होतं.

नोकरी नुकतीच गेली आहे. सुरुवात कुठून करू?

कागदपत्रांपासून. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिप, अनुभवाचं प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचं पत्र, शेवटचा हिशेब हे सगळं ऑफिसचा ईमेल बंद होण्याआधी आपल्याकडे घ्या. तो बंद झाला असेल तर एचआरकडे लेखी मागा. एकदा सहा महिने उलटले की त्याच माणसांना तुमच्यासाठी फाइल शोधायला वेळ नसतो. कंपनीच्या अंतर्गत फाइली आणि ग्राहकांच्या याद्यांना मात्र हात लावू नका. तो करारभंग ठरू शकतो, आणि नवी कंपनीही असा माणूस घ्यायला बिचकते.

मग पैशांचा हिशेब. हाताशी असलेल्या रकमेला महिन्याच्या किमान खर्चाने भागा. येणारा आकडा म्हणजे तुम्ही किती महिने निवड करत थांबू शकता. आकडा लहान असेल तर मधल्या काळासाठी मिळेल ते काम धरायला काहीच हरकत नाही. ते धरून शोध चालू ठेवता येतो. मात्र हा निर्णय आकड्यावर घ्या, घाबरून नको.

तिसरं काम लोक टाळतात. गेल्या नोकरीत काय काय केलं ते आत्ताच लिहून काढा: किती माणसं होती, किती व्यवहार, काय बिघडलं होतं, कसं सुधारलं. मुलाखतीत हेच विचारतात आणि तोवर तपशील पुसट झालेले असतात.

ढिगाने अर्ज पाठवले, पण कुठूनच उत्तर येत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

आधी गाडी कुठे अडते ते पाहा. एकही फोन येत नसेल तर दोष सीव्हीत किंवा निवडलेल्या जागांमध्ये आहे. पहिला फोन येतो आणि पुढे काही होत नाही, असं असेल तर पगाराची अपेक्षा, रुजू होण्याची तारीख किंवा नोकरी सोडण्याचं कारण यांपैकी काहीतरी खटकतंय. दरवेळी शेवटच्या फेरीपर्यंत पोचून हुकत असेल, तर तुमचा सीव्ही उत्तम आहे. तो बदलत बसू नका, मुलाखतीवर मेहनत घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. नकार आला की सीव्हीचा फॉन्ट बदलतात.

एक साधा तक्ता ठेवा: कंपनी, पद, अर्जाची तारीख, कोणाशी बोलणं झालं, पुढे काय. आणि जाहिरातीचा मजकूर कॉपी करून ठेवाच. मुलाखतीचा फोन येतो तोवर ती जाहिरात साइटवरून उतरलेली असते, आणि आपण नेमका कशासाठी अर्ज केला होता हेच आठवत नाही.

हेही खरं की काही जाहिराती नावापुरत्या असतात. आतला माणूस आधीच ठरलेला असतो, किंवा पुढेमागे लागतील म्हणून नावं गोळा केली जात असतात. त्यातून येणाऱ्या शांततेचा तुमच्या लायकीशी काही संबंध नाही.

जाहिरातीतल्या सगळ्या अटी पूर्ण होत नाहीत. तरी अर्ज करू?

परवाना, नोंदणी, ठरावीक पदवी अशी कायद्याने लागणारी अट असेल तर ती हवीच. बाकीची यादी म्हणजे बऱ्याचदा चार जणांनी मिळून सुचवलेल्या इच्छा असतात. पहिल्या तीन-चार अटी नीट वाचा, खरं काम त्यांतच असतं. त्या जमत असतील तर अर्ज करा.

सीव्ही किती पानांचा असावा? त्यात काय लिहू?

अनुभव कमी असेल तर एक पान, बराच असेल तर दोन. संशोधन आणि विद्यापीठातल्या जागांचा रिवाज वेगळा आहे, तिथे प्रकाशनांची यादी लांबते. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून ‘वाचन व संगीत’ यांना काढून टाका. मागितलं असेल तरच द्या.

लोक जागा घालवतात ती जबाबदाऱ्यांची यादी देण्यात. ‘ग्राहकसेवेची जबाबदारी सांभाळली’ ही ओळ त्या पदावरचा कोणीही लिहील, अगदी काम न करणारासुद्धा. त्याऐवजी ‘बारा जणांच्या पाळ्या नव्याने लावल्या, तक्रारीला पहिलं उत्तर दोन दिवसांऐवजी त्याच दिवशी जाऊ लागलं’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला माणूस दिसतो. आकडा नसेल तर बदल सांगा: आधी काय होतं, तुम्ही काय केलं, नंतर काय झालं. आकडे फुगवू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

प्रत्येक जागेसाठी सीव्ही मुळापासून लिहायची गरज नाही. सगळं असलेली एक मोठी प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दरवेळी तीमधून त्या जागेला लागू असलेल्या गोष्टी वर आणा. साधारण १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागणारं पत्र तयार केलं होतं. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं असे मुद्द्यामागून मुद्दे आहेत. आपल्याला चित्र काढता येतं हे त्याने शेवटी सांगितलं आहे. स्फोर्झाला काळजी युद्धाची होती.

कंपनीचं सॉफ्टवेअरच अर्ज फेकून देतं म्हणतात. खरं आहे का?

अर्धवट खरं. मोठ्या कंपन्या अर्ज साठवायला आणि चाळायला एटीएस नावाची प्रणाली वापरतात. ती मुख्यतः तुमच्या फाइलमधला मजकूर रकान्यांत भरते आणि एचआरला शब्दाने शोधू देते. काही प्रणाली अर्जांना क्रमही लावतात. आपोआप नकार येतो तो बहुधा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांमुळे: कामाचा परवाना आहे का, अनुभव किती वर्षांचा, अमुक प्रमाणपत्र आहे का. तिथे घाईत चुकीचं बटण दाबलं की पुढे कोणी पाहतही नाही.

म्हणून फाइल साधी ठेवा. दोन रकाने, आलेख, चित्रात लिहिलेला मजकूर, कौशल्यांपुढचे पाच तारे यांनी मजकूर वाचताना गोंधळ होतो. जाहिरातीत कामाला जे नाव दिलं आहे तेच वापरा, अर्थात ते काम तुम्हाला येत असेल तर. पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्द ही क्लृप्ती जुनी झाली. मजकूर रकान्यांत उतरला की ते शब्द स्पष्ट दिसतात आणि हसं होतं.

एआयकडून सीव्ही लिहून घेतला तर चालेल?

भाषा नीट करायला, जाहिरातीशी ताडून पाहायला, मुलाखतीचे सरावप्रश्न काढायला जरूर वापरा. पण पूर्ण मजकूर त्याच्याकडून घेतला की तो हजार जणांसारखाच वाचला जातो आणि न केलेली कामंही त्यात हळूच शिरतात. प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता येईल का, हे स्वतःला विचारा. नाही आलं तर ती ओळ काढा.

कव्हर लेटर कोणी वाचतं का?

अनेक जण वाचत नाहीत. मागितलं असेल तर लिहा. क्षेत्र बदलत असाल तर न मागताही लिहा, कारण ‘हा इकडे कसा?’ या शंकेला उत्तर द्यायला सीव्हीत जागा नसते. अर्ध्या पानाहून जास्त नको.

माझी कुठेच ओळख नाही. ओळखीशिवाय नोकरी मिळते का?

मिळते. आणि ओळख म्हणजे मोठ्या पदावरचा काका, असं समजायचं कारण नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठीच गाजला. ओळखीतून नवी नोकरी लागलेल्यांना त्यांनी विचारलं, नोकरी लागली त्या सुमारास त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होतात? वारंवार भेटत होतो म्हणणारे १७ टक्क्यांच्या आत होते. अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे कळतं ते आपल्यालाही कळलेलं असतं. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्यांकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही मध्यम-दूरच्या ओळखी सगळ्यांत उपयोगी ठरल्या. अगदीच तोंडओळख मात्र तितकी कामाला येत नाही.

तर जुन्या सहकाऱ्यांची, वर्गमित्रांची, एखाद्या प्रकल्पावर भेटलेल्यांची यादी करा. आणि नोकरी मागू नका, माहिती मागा. ‘काही असेल तर सांगा’ असा मेसेज वाचून समोरच्याला काय करावं कळत नाही, मग तो नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा होतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘नमस्कार, गोदामाच्या प्रकल्पावर आपण एकत्र होतो. मी पुरवठा-नियोजनाच्या कामाकडे वळायचा विचार करतोय. तुम्ही ते रोज पाहता. त्यात दिवसभर नेमकं काय करावं लागतं, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं बोलता येईल का?’ लोक यावर बोलतात. बोलणं चांगलं झालं तर जागेचा विषय तेच काढतात. नंतर चार ओळींत आभार माना आणि त्यांच्या सल्ल्यावर काय केलं ते कळवा. हे दुसरं जवळपास कोणीच करत नाही.

क्षेत्र बदलायचं आहे. पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल का?

सहसा नाही, पण एकाच उडीत सगळं बदलायला गेलात तर लागेल. नोकरीला दोन बाजू असतात: कोणत्या प्रकारचं काम करता आणि कोणत्या उद्योगात करता. एका वेळी एकच बदला. रुग्णालयात बिलिंग सांभाळणाऱ्या बाईंना सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल, तर थेट प्रोग्रामर म्हणून अर्ज करणं अवघड जाईल. पण रुग्णालयांसाठी बिलिंगची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीत, ती बसवून देणाऱ्या किंवा वापरणाऱ्यांना शिकवणाऱ्या टीममध्ये त्या हव्याशा वाटतील. त्यांना विम्याचे दावे कशावरून अडतात ते माहीत आहे. तिथल्या तरुण इंजिनिअरला ते माहीत नाही. दीड-दोन वर्षांनी त्याच कंपनीत प्रणाली घडवण्याच्या कामाकडे सरकता येतं. वाट लांबची दिसते, पण पगार फारसा न घसरता पोचवते.

दुसरी पायरी म्हणजे आपला अनुभव नव्या लोकांच्या भाषेत मांडणं. शिक्षकाने ‘आठवीला विज्ञान शिकवलं’ एवढंच लिहिलं तर कंपनीतला माणूस पान उलटतो. तेच काम ‘वेगवेगळ्या पातळीच्या चाळीस जणांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम आखला, दर महिन्याला प्रगती मोजली, मागे पडणाऱ्यांसाठी वेगळे धडे तयार केले’ असं मांडलं की प्रशिक्षण विभागाला ते आपलं वाटतं. यात खोटं काहीच नाही. मात्र त्यासाठी नव्या क्षेत्रातल्या पंचवीसएक जाहिराती वाचून त्यांचे शब्द अंगवळणी पाडावे लागतात.

आणि उडी मारायच्या आधी चाखून पाहा. शनिवार-रविवारचं छोटं काम, एखाद्या संस्थेसाठी विनामोबदला केलेला प्रकल्प, त्या कामातल्या माणसासोबत घालवलेला एक दिवस. कामाचं जे रूप बाहेरून दिसतं त्यात कंटाळवाणा भाग नसतो. ग्राफिक डिझायनर होऊ पाहणाऱ्याला अकराव्यांदा बदल सांगणारा ग्राहक दिसत नाही. तो भाग सोसवेल का, हे आधीच कळलेलं बरं.

आत्ताच्या साहेबाला कंटाळून क्षेत्र बदलणारेही पुष्कळ असतात. त्यांना नवं क्षेत्र नको असतं, दुसरा साहेब हवा असतो. तेच काम दुसऱ्या कंपनीत करायला आवडेल का, हे एकदा प्रामाणिकपणे तपासा.

त्यासाठी महागडा कोर्स करावा का?

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. जाहिरातींमध्ये त्या प्रमाणपत्राचं नाव खरंच येतं का ते पाहा, आणि कोर्स केलेल्या दोघा-तिघांना स्वतः गाठून विचारा. संस्थेने पुढे केलेले नकोत. ‘नोकरीची हमी’ असेल तर हमीच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अनेक क्षेत्रांत प्रमाणपत्रापेक्षा करून दाखवलेली एक गोष्ट जास्त बोलते.

वय चाळिशीच्या पुढे आहे. कोणी घेईल?

वयावरून डावलणं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. समोरच्याच्या मनात ठरावीक शंका असतात: पगार परवडेल का, तरुण बॉसच्या हाताखाली काम करतील का, नवी साधनं शिकतील का. त्या कोणी विचारणार नाही, म्हणून तुम्हीच उत्तरं पेरा. अलीकडे शिकलेल्या गोष्टीचा किस्सा सांगा. वयाने लहान माणसाच्या नेतृत्वाखाली केलेल्या कामाचा उल्लेख करा. सीव्हीत शेवटची दहा-पंधरा वर्षं सविस्तर आणि त्याआधीचं दोन ओळींत. ‘आमच्या वेळी’ हे शब्द मात्र मुलाखतीत नकोत.

मध्ये मोठा खंड पडला आहे. लपवू का?

नको. तारखा जुळवायला गेलात तर पार्श्वभूमीच्या पडताळणीत सापडाल आणि मग खंडापेक्षा खोटेपणाच नडेल. एका वाक्यात सांगा: घरच्यांचं आजारपण, मुलाचं संगोपन, कंपनी बंद पडली. पुढचं वाक्य लगेच आजचं असावं, म्हणजे तो काळ संपला, आता पूर्णवेळ मोकळा आहे, आणि मधल्या काळात हे शिकलो. स्पष्टीकरणं देत बसलात की समोरचा जास्त खोदतो.

मुलाखतीची तयारी नेमकी कशी करायची?

प्रश्नोत्तरं पाठ करून फायदा नाही. प्रश्न अगणित असतात, पण त्यांना पुरतील असे किस्से सहा-सातच लागतात: एखादं अवघड काम तडीला नेलं तो, कोणाशी मतभेद झाले तो, चूक झाली आणि सावरली तो, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतला तो, कोणाला शिकवलं तो. प्रत्येकात परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलं आणि शेवट काय झाला, हे दोन मिनिटांत बसवा. यालाच स्टार पद्धत म्हणतात. लोक परिस्थिती सांगण्यातच दीड मिनिट घालवतात. वेळ द्यायचा तो तुम्ही काय केलं याला. आणि ‘आम्ही केलं’ म्हणताना त्यातलं तुमचं काय होतं, हे वेगळं सांगा.

हल्ली अनेक कंपन्या सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून गुण देतात. त्याला कारण आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा पुढची कामगिरी ओळखण्यात अशी आखीव मुलाखत सगळ्यांत वरचढ निघाली. तिथे समोरचा हसत नसेल, मान डोलावत नसेल, तर गैरसमज करून घेऊ नका. तो लिहून घेत असतो.

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर मात्र तयारच असावं: आज काय करता, इथवर कसे आलात, ही जागा का हवी. दीड मिनिट पुरे. शेवटी ‘काही विचारायचंय?’ आलं की ‘या जागेवरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावं असं तुम्हाला वाटतं?’ हे विचारा. या उत्तरातून काम कळतं, आणि समोरच्यांचं आपसांत एकमत आहे का तेही कळतं.

पगाराची अपेक्षा विचारली तर?

आधी बाजारभाव काढा: त्याच पदाच्या इतर जाहिराती, पगाराची माहिती देणाऱ्या साइट, त्या कामातली माणसं. मग शक्य असेल तर चेंडू परत टाका: ‘या जागेसाठी तुम्ही कोणती मर्यादा ठरवली आहे?’ आकडा द्यावाच लागला तर एक पट्टा द्या, आणि त्याचं खालचं टोकही तुम्हाला चालण्यासारखं असू द्या. समोरच्याला बहुधा तेच ऐकू येतं. जुना पगार खोटा सांगू नका, कारण स्लिप मागतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार तर उमेदवाराला जुना पगार विचारायलाच मनाई आहे. पण असं सगळीकडे नाही.

ऑफर आल्यावर थोडं वाढवून मागण्याने ती सहसा जात नाही. आभार माना, कारण द्या, एक आकडा सांगा आणि गप्प बसा. ते गप्प बसणंच सर्वांत कठीण. पगार हलत नसेल तर रुजू होण्याची तारीख, घरून कामाचे दिवस, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार यांवर बोला. जे ठरेल ते लेखी घ्या.

मुलाखत छान झाली, पण पुढे काहीच कळवलं नाही. किती वेळा विचारू?

त्यांनी दिलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस गेले की एक ईमेल, आणखी आठवड्याने दुसरा. तिसरा नको. तोवर बाकीचे अर्ज थांबवू नका. लेखी ऑफर हातात येईपर्यंत कोणतीही जागा तुमची नसते.

नोकरीच्या नावाखालची फसवणूक कशी ओळखायची?

पैसे मागितले की समजा. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, पडताळणीचा खर्च, नाव काहीही असो, खरी कंपनी उमेदवाराकडून असे पैसे घेत नाही. मुलाखतीशिवाय ऑफर, फक्त मेसेजवरचं बोलणं, कंपनीच्या नावाशी किंचित न जुळणारा ईमेल पत्ता, आजच्या आज निर्णयाची घाई, ओटीपी किंवा बँकेच्या पासवर्डची मागणी, यातलं काहीही दिसलं की थांबा. जादा रकमेचा चेक पाठवून उरलेली रक्कम परत मागणं हा जुना डाव. तो चेक पुढे वटत नाही आणि तुमचे पैसे जातात. शंका आली तर त्या मेसेजमधल्या नंबरवर नको, कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या नंबरवर फोन करा.

नकारांनी खचायला होतंय. काय करू?

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आठवतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या अनुभवी व्यावसायिकांपैकी काहींना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात आहे ते लिहायला सांगितलं. त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले नव्हते, तरी त्यांना नोकरी लवकर लागली. एक शक्यता अशी की साठलेला राग लिहून मोकळा झाला आणि मुलाखतीत जुन्या कंपनीबद्दलची कडवट वाक्यं आली नाहीत. प्रयोग लहान होता, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण वही-पेनाला खर्च नाही. झोप आणि भूक कित्येक आठवडे बिघडलेली असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला, वहीवर विसंबू नका.

राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी पगार वाढवून थांबवतेय. थांबू का?

तुम्ही फक्त पैशासाठी निघाला असाल तर विचार करायला हरकत नाही. कारण दुसरं असेल, तर ते पगारवाढीने जात नाही. शिवाय पुढच्या कपातीत ‘हा तसाही जाणारच होता’ म्हणून आपलं नाव पुढे येण्याचा धोका राहतो. जायचं ठरलं तर नोटीस पिरियड नीट पुरा करा आणि कामं लिहून सोपवा. पुढच्या कंपनीचा रेफरन्ससाठीचा फोन इथेच येणार आहे.

रुजू झालो आणि महिन्याभरात चूक झाल्यासारखं वाटतंय. लगेच सोडू?

पहिले काही आठवडे नवी जागा बहुतेकांना परकीच वाटते, त्यावरून ठरवू नका. पण सांगितलेलं काम आणि दिलेलं काम वेगळं असेल, तर लगेच वरिष्ठांना तसं विचारा. ऑफरच्या वेळचे ईमेल समोर ठेवून. पगारच थकत असेल किंवा काही बेकायदा करायला सांगत असतील, तर थांबू नका. आधीच्या दुसऱ्या ऑफरवाल्यांशी सभ्यपणे बोलून नकार दिला असेल, तर त्यांनाही एक फोन करून पाहा. ती जागा अजून भरलेली नसते, असं बरेचदा होतं.